पंचवीस तारखेची साक्ष

१ जानेवारी २०२६, गुरुवार. दुपारी १२.
नववर्षाची उपासना आटोपून आलो. पाळकसाहेबांचा संदेश: जुना मनुष्य टाका, नवा धारण करा. अख्ख्या मंडळीत माझ्याइतका कोणाच्याच मनाला भिडला नाही. बाकीचे केककडे बघत होते.
निश्चय: रोज पहाटे पाचला प्रार्थना. वर्षभरात बायबल पूर्ण. बुधवारी उपवास. शिवाय नम्रता. नम्रतेत पुलगावात कोणी माझा हात धरू शकणार नाही.

२ जानेवारी. सकाळी ८.१०.
पाचला अलार्म वाजला. थंडी फार. प्रार्थना गोधडीतच केली. देव काही गोधडी बघत नाही. सौ. नंदिनी म्हणते, प्रार्थना घोरत होती.

४ जानेवारी, रविवार.
पाळकसाहेबांनी विचारलं, नव्या वर्षात देवाने काय बदल घडवला, याची साक्ष पंचवीस तारखेला कोण देईल? त्यांचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर. तीन आठवडे आहेत. बदल घडायला पुष्कळ झाले.

७ जानेवारी, बुधवार.
उपवास. सकाळी नऊपासून कडक. अकराला ऑफिसात मोठ्या बाबूंच्या प्रमोशनचे तर्री-पोहे आले. नाही म्हणणं हा अहंकार झाला असता. नम्रपणे दोन प्लेट.

१० जानेवारी.
बायबल नोहापर्यंत. वंशावळी गाळल्या. त्या लोकांशी आपली ओळख नाही.
साक्ष लिहायला बसलो. अडचण अशी की पापच सापडेना. साक्षीत आधी चिखल लागतो, मग बाहेर काढणारा हात. दारू नाही, पत्ते नाहीत. चिखल आणायचा कुठून?
नंदिनीला विचारलं. ती वांगी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "तुमाले काऊन पाप सापडून नाई राह्यलं? तीन वर्षं झाले, सख्ख्या बहिणीशी बोलत नाई तुमी."
ते पाप नाही. ते तत्त्व आहे.

११ जानेवारी, रविवार.
नोंद असावी म्हणून लिहितो. बाबांच्या अंत्यविधीला माझं भाषण चालू होतं. मनापासून बोलत होतो. जेमतेम पंचवीस मिनिटं झाली होती. तेवढ्यात इलाताई सगळ्यांसमोर म्हणाली, "गजू, आवर. बाबाले उशीर होऊन राह्यला." लोक हसले. दफनविधीत! खांदा देणारेसुद्धा हसले. तेव्हापासून मी सिंदीला तिच्या घरी गेलो नाही.

१३ जानेवारी. सकाळी.
साक्षात्कार झाला (दाढी करताना). मी ताईला माफ करणार. प्रत्यक्ष जाऊन. तिने केवढा अपमान केला आणि मी केवढा मोठ्या मनाचा! साक्षीचा प्रश्नही सुटला. लगेच चार पानं लिहिली. ताईच्या अश्रूंचा परिच्छेद खास उतरला आहे.

१७ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ७.
सिंदीला जाऊन आलो. अर्धा किलो संत्रा बर्फी नेली. ताईने दार उघडलं. थोडी वाळली आहे. गाडीत पाठ केलेलं सुरू केलं, "ताई, जे झालं ते झालं, मी तुले माफ..." ती मधेच म्हणाली, "आंदी पाय धू. चहा ठेवतो."
चहानंतर पुन्हा म्हणालो, माफ केलं.
"कायचं रे?"
अंत्यविधीची आठवण दिली. ती खूप हसली. मग म्हणाली, "त्याच्यासाठी नाई आला तू? मले वाटे, माया हातून काई मोठं चुकलं."
आठ महिन्यांपूर्वी वर्ध्याला तिचं ऑपरेशन झालं म्हणे. गाठ काढली. अकरा दिवस ॲडमिट होती. भेटीच्या वेळेस दाराकडे बघत असे. मला कोणी कळवलंच नाही.

रात्री ८.
नंदिनी म्हणते, दोनदा कळवलं. एकदा म्हणे मी टीव्हीचा आवाज वाढवला.
ते मला आठवत नाही.

२१ जानेवारी, बुधवार.
उपवास घडला. ठरवला नव्हता, जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.
साक्ष सात पानांवर नेली. ऑपरेशनचा उल्लेख घेतलेला नाही. विषयांतर होतं.

२५ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ६.
सात पानं खिशात, इस्त्रीचा शर्ट, तिसरा बाक. पाळकसाहेब म्हणाले, आज सिंदीहून आलेल्या एक भगिनी आधी दोन शब्द बोलतील. मागून ताई उठली. नंदिनीने बोलावलं होतं. मला न विचारता!
ताई कागदाशिवाय बोलली. म्हणाली, "दवाखान्यात मी एकच मागत होतो, माया भाऊ एकदा दारात उभा दिसू दे. दवाखान्यात नाई आला. पण नवीन वर्षात घरी आला, बर्फी घिऊन. मले माफ करतो म्हने. मी म्हटलं, कर बापा. आला ना, लय झालं." पुढच्या बाकावरच्या आनंदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला, आमेन म्हणाले आणि थेट शेवटचं गीत सांगितलं. माझ्याकडे कोणी बघितलंच नाही. म्हणजे बघितलं, सगळ्यांनीच, पण साक्षीसाठी नाही.

ताईला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी पन्नास मिनिटं लेट. बाकावर दोघंच. मला दोनच शब्द बोलायचे होते. रेल्वेच्या कारभारावर बोललो, प्लॅटफॉर्मच्या उंचीवर बोललो, तिच्या गोळ्यांच्या वेळा विचारल्या. गाडी आली. ताईला खिडकी मिळाली. गाडी हलली तसा तिच्या डब्याबरोबर चालू लागलो आणि ते दोन शब्द म्हणालो.
इंजिनाने भोंगा दिला.
ताई खिडकीतून ओरडली, "काय म्हनतो?"
म्हणालो, "काई नाई. पोचली का फोन करजो."