हातांवर बसणारी आत्या

प्रिय दादा,

फोन सोडून ही पत्र कसलं लिहितेय, असं पुटपुटत असशील. पुटपुट. कारण शेवटी सांगणार आहे, आणि आधी शेवट वाचायचा नाही. तुझी ती खोड मला ठाऊक आहे. हात कसा आहे हेही विचारत नाही. वहिनीकडून कळतं सगळं. कुलूप-किल्ल्यांचं दुकान बंद आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून तू उजवा हात परक्याचा असल्यासारखा मांडीवर ठेवून खिडकीशी बसतोस.

बातमी अशी, की इथल्या दवाखान्यातल्या नव्या विभागाला आपल्या आत्याआजीचं नाव देणार आहेत. हो, तीच, बाबांची आत्या. जिच्या नावाने आपण लहानपणी बोलणी खाल्ली. ताट उचललं नाही की आई म्हणायची, आत्या झालात का? पणजोबा एकदा लेकीला भेटायला दवाखान्यात गेले, तर पेशंट घामाघूम होऊन धडपडतोय आणि ही समोर खुर्चीत ढिम्म. पोरगी बसून पगार खाते, असं त्यांनी घरी येऊन जाहीर केलं. झालं, तेव्हापासून आपल्या घरात आळसाला तिचं नाव पडलं.

दवाखान्याने घरच्यांकडून तिच्याबद्दल चार ओळी मागितल्या तेव्हा मी कपाळाला हात लावला. आळशी होती, असं लिहून देऊ? मग निघाले चौकशीला. कचेरीतल्या बाईंनी सांगितलं की ती व्यवसायोपचार करायची. मला वाटलं, कसला तरी धंदा असेल. बाई हसल्या. म्हणाल्या, आजाराने हात गेलेल्या माणसाला बटण लावणं, पेला उचलणं, केस विंचरणं पुन्हा शिकवायचं, ते हे काम. इथे ते पहिल्यांदा तिनेच सुरू केलं. मग ती ढिम्म का बसायची? ते समोरच्या शिंप्याला विचारा, म्हणाल्या, तो तिचा पेशंट होता.

शिंपीकाका आता खूप थकलेत, पण कात्री अजून हातात. तरुणपणी त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. आत्याआजीने त्यांच्यापुढे त्यांचाच सदरा ठेवला, बटण लावा म्हणाली आणि समोर बसली. ते चिडले, रडले, तिला नाही नाही ते बोलले. ती हलली नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, की ती स्वतःच्या दोन्ही हातांवर बसली आहे. मदत करायला हात पुढे जाऊ नयेत म्हणून, दादा! कपाळावर घाम तिच्याही होता. शेवटी बटण काजात गेलं, तेव्हा तिने हात बाहेर काढले तर बोटं पार बधीर. तीच बोटं काकांनी चोळून दिली, आणि हे सांगताना ते इतके हसले की त्यांचा चष्मा घसरला. मी तर दुकानातल्या कापडालाच डोळे पुसले.

आता कारण. डॉक्टर म्हणतात, वापरलास तर हात परत येईल. पण वहिनी तुझी बटणं लावते, भांग पाडते. तिचा जीव आहे तुझ्यावर, तिथेच सगळा घोटाळा आहे. म्हणून मी या पाकिटावर सुतळीची निरगाठ मारली, तूच शिकवलेली. वहिनीला फोनवर बजावलं, की पाकीट त्याच्यापुढे ठेव आणि आपल्या हातांवर बस. तो कितीही ओरडला तरी उठायचं नाही आणि कात्री द्यायची नाही. एका हाताने ती गाठ सुटत नाही, मी करून पाहिलंय. तेव्हा गावभरची कुलपं उघडणाऱ्या माझ्या दादा, तू हे वाचतोयस म्हणजे ती तूच सोडवलीस. मला इथे बसून कोण आनंद होतोय म्हणून सांगू. आता मान वर करून वहिनीकडे बघ. तिची बोटं बधीर झाली असतील. चोळून दे. दोन्ही हातांनी.

तुझीच, लांबून हातांवर बसलेली,
धाकटी