त्या दिवसाचं पाणी

प्रिय भाविका,

ज्या सकाळी मी तुमच्या आळीचं पाणी मुद्दाम सोडलं नाही, त्या सकाळी माझं सगळं बदललं. व्हॉल्व्ह जाम झालाय असं मी गावाला सांगितलं होतं, तुझ्या आईलाही. खोटं होतं ते. दोन वर्षं झाली, आज खरं सांगतो.

त्या दिवशी खोपोलीचे पाहुणे तुला बघायला येणार होते. गावाला पाणी सोडायचं काम मला लागून महिनाच झाला होता. व्हॉल्व्हची चावी मांडीवर घेऊन मी पंपघरात बसून राहिलो. म्हटलं, येऊ देत, चहाला पाणी कुठून आणतात बघू. नऊला दारात तुमच्या शेजारची बायजाआजी उभी. कमरेवर रिकामी कळशी, एक हात गुडघ्यावर. म्हणाली, "चावी हातात दिली म्हंजे पाणी तुझ्या बापाचं झालं नाय रं. पाव्हणे वाटंत हायत आनि ती पोर नवी साडी नेसून विहिरीवर घागरी भरतेय." मी व्हॉल्व्ह उघडला, पण उशीर झाला होता. तुझ्या साडीचा काठ चिखलानं भरला होता, असं नंतर कळलं. ते स्थळ पत्रिकेवरून मोडलं. मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली.

माझं डोकं तुला माहीत आहे. वर्गातल्या स्वराजनं तुझी वही परत देताना काहीतरी हसून म्हटलं, एवढ्यावरून मी भर कॉलेजात त्याची कॉलर धरली. कॉलेजवाले माफी लिहून दे म्हणाले, तर हॉल तिकीट फाडून एस. वाय. अर्ध्यावर सोडून घरी आलो. तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "पदवी घे आणि बाबांसमोर उभा राहा. नुसत्या तुझ्या रागावर मी त्यांना काय सांगू?" मग मी चार रंगांत टाइमटेबल केलं. पहाटे चारला उठणे, बारा तास अभ्यास, व्यायाम वेगळा. तिसऱ्या दिवशी त्याच कागदात भजी बांधून आणली. तू विचारलंस की मी म्हणायचो, सोमवारपासून. असे किती सोमवार गेले ते तूच सांग.

बायजाआजी गेल्यावर मी पंपघराच्या दाराची आतली बाजू पहिल्यांदा नीट बघितली. माझ्याआधी बावीस वर्षं पाणी सोडणाऱ्या येसाजीकाकांनी तिथं खडूनं वेळा लिहून ठेवल्यात. सहा, सहा चाळीस, सात वीस, आठ. चार आळ्या, प्रत्येकीला चाळीस मिनिटं. काकांना विचारलं, कधी कंटाळा नाही आला? तर म्हणाले, "येतो की. आला तरी सहाला पाणी सोडायचंच ना? पंप बिघडला तर गाव एक दिस सांभाळून घेतं. दुसऱ्या दिशी घागर घेऊन दारात येतं."

त्या संध्याकाळी मी प्रत्येक वेळेखाली एकेक विषय लिहिला. चाळीस मिनिटं पंपघर सोडता येत नाही, आत मोबाइलला रेंज नाही. माणूस करणार काय? एक आळी, एक प्रश्न, बस. तुमची आळी आठची. तिच्याखाली सगळ्यात सोपा विषय टाकला, कारण तेव्हा तू अंगणात हंडे भरत असशील हे काही केल्या डोक्यातून जात नाही. दिवस चुकले. ताप आला, एकदा आईशी भांडून वही नाल्यात फेकली. पण लागोपाठ दोन दिवस कधी चुकले नाहीत. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला, एस. वाय. झालं, टी. वाय.चे पेपर होत गेले. तुला मुद्दाम सांगितलं नाही. सांगण्यातच माझा अर्धा जोर संपतो.

आज शेवटचा पेपर आहे, कर्जतला, अकरा वाजता. आणि आजच तुझा साखरपुडा. तारीख कळली तेव्हा पुस्तक भिंतीवर फेकलं. मग उचललं, कारण सात वीसच्या आळीला पाणी सोडायचं होतं, तिचा प्रश्न बाकी होता. निकाल घेऊनच तुझ्या बाबांसमोर यायचं ठरवलं होतं. उशीर झाला. त्यात तुझी चूक नाही, तू तरी किती सोमवार मोजायचेस? शेजारचा नामा सकाळपासून दोनदा विचारून गेला, आज काय करणार आहेस. बहुतेक तूही जिवाला तोच घोर लावून बसली असशील. मी तिकडं फिरकणार नाही, निर्धास्त राहा. आज तुमच्या आळीला पाणी दोनदा आलं, ते का, एवढं तुला कळावं म्हणून लिहायला बसलो. पाच वीसला आलं ते त्या दिवसाचं. आत्ता येतंय ते रोजचं. ही चिठ्ठी बायजाआजीच्या हाती देतो. आठ चाळीस झाले. व्हॉल्व्ह बंद केला. हॉल तिकीट खिशात आहे, अख्खं. दार ओढून घेतो आणि निघतो.

तुमच्याच आळीचा पाणीवाला,
धनेश