चंद्राच्या खळ्यासारखं

प्रिय डीलिया,

काल पहाटे धुकं इतकं खाली उतरलं होतं, की आपल्या कुंपणापुढे जगच नाही असं वाटत होतं. एल्क हरणांच्या शिकारीचे दिवस सुरू झालेत. तुझी आई म्हणाली, वरच्या अंगाला नर शीळ घालतोय. मी मान डोलावली. माझ्या कानात बारमाही रातकिडेच. मोन्टानात आमच्या वेळी बार काढताना कानात बोळे घालणाऱ्याला सगळे हसायचे.

तू रायफलीला पहिला सायलेन्सर घेणार, हे आईकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. तुझे कान मला शाबूत हवेत. नावाला मात्र भुलू नकोस, तो आवाज गिळत नाही, नुसता बोथट करतो, बोळे घालायचेच. आखूड घेतलास तर पाइनच्या दाटीत अडकणार नाही, पण आवाज जास्त. लांब घेतलास तर आवाज मऊ, पण रायफल तोंडाकडे जड होते. मी मधला घेईन. त्याचं भोक तुझ्या गोळीहून मोठं असलेलं चालेल, लहान कधीच नको.

तुझी रायफल एकच, तेव्हा झटपट काढ-घाल करायच्या खटक्यांच्या नादी लागू नकोस. सरळ नळीच्या आट्यांवर फिरवून बसणारा घे. तो हलका असतो, बिघडायला त्यात काही नसतं. फक्त बार काढता काढता सैल होतो, म्हणून निवला की हाताने पिळून बघत जा.

शेजारच्या वर्जिलने स्वतःचं डोकं चालवलं. घट्ट बसावा म्हणून मध्ये चेपणारा वायसर घातला. तो एका बाजूला जास्त चेपला, सायलेन्सर तिरका झाला आणि पहिल्याच गोळीने टोक फाटलं. बंदुकांच्या दुकानातल्या ओडेलने तो उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, "वर्जिल, याची आता फुलदाणी कर. बायको तरी खूश होईल." तू आटे पुसून घे, मध्ये काही घालू नकोस. मग रायफल रिकामी आहे ना ते दोनदा बघ, बोल्ट काढ, सायलेन्सर बसव आणि मागून नळीतून आभाळाकडे पाहा. उजेडाभोवती चहूकडून सारखं खळं दिसायला हवं. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून तू चंद्राचं खळं बघायचीस आणि कानात कुजबुजायचीस, "पपा, चंद्राने शाल घेतली." ते अजून ऐकू येतं.

हे फोनवर दोन मिनिटांत झालं असतं, असं तू म्हणशील. फोनवर तुझं बोलणं मला आता कळत नाही, डीलिया. आई शेजारी बसून खुणा करते, त्यावर मी हसतो आणि 'वा, छान' म्हणतो. गेल्या रविवारी ती गोठ्यात होती. तू काहीतरी बोललीस, थांबलीस, आणि मी म्हणालो, 'वा, छान.' तू लगेच फोन ठेवलास. आई म्हणते, तेव्हापासून तुझा आवाज कोमेजलाय, पण तिलाही तू काही सांगत नाहीस. जे सांगायला तू मला निवडलं होतंस, ते मला लिहून पाठव, बाळा. मी सावकाश वाचेन.

तुझाच,
पपा