चार खांब जास्त

बाबा,

आज नातीच्या वहीत कुंपणाचं गणित होतं, आणि इतक्या वर्षांनी तुम्हाला एक विचारावंसं वाटलं. छावणीपलीकडच्या आपल्या जागेला तार लावायची ठरली तेव्हा मी अकरा वर्षांची. दोरीचं एक टोक तुम्ही माझ्या हाती दिलंत. साठ फूट, चाळीस फूट. शेजारच्या मुसलमान मावशी, आमच्या खाला, आपल्याच आडावरून पाणी न्यायच्या. दोरी पाहून घागर घेऊन उभ्याच राहिल्या. "भाईसाब, तार लग गई तो पानी कू कां जाना मैं?" तुम्ही काकांकडे पाहिलंत. काका थोरले, घरात त्यांचाच शब्द चाले. "फट ठेवायची तर तार कशाला आणायची?" ते म्हणाले. तुम्ही माझ्याकडे वळलात. "घेर काढ. दर दहा फुटांवर एक, तर खांब किती ते लिहून दे."

घेर दोनशे फूट, तो बरोबर आला. खांब मात्र मी एकेका बाजूचे मोजले, सात, सात, पाच, पाच, आणि चोवीस लिहिले. प्रत्येक कोपरा दोनदा धरला होता. तुम्ही चिठ्ठी वाचलीत, घडी करून खिशात ठेवलीत, आणि दुसऱ्या दिवशी वखारीतून चोवीस खांब आणलेत.

तार ताणून झाली. चार खांब उरलेत. काका हसतायत, "घ्या, हे कॉन्व्हेंटचं गणित." मी तुमच्यामागं लपलेय, आणि तुम्ही लाकडावरून हात फिरवत म्हणताय, "पडून वाळवी लागंल, दादा. खालांच्या बाजूनं फाटक करून टाकतो." वाया जाणं काकांना कधी खपत नसे. दोन खांब रोवले, दोन चिरून फळ्या केल्या. सकाळी खाला त्या फाटकातून आल्या आणि दौलताबादची दोन सीताफळं माझ्या ओच्यात टाकून आडाकडे गेल्या.

निजामाच्या कचेरीत दिवसभर तुम्ही जमिनींच्या मोजण्या उर्दूत उतरवायचात. तुमच्या नजरेतून चार खांब सुटतील? की चिठ्ठीची घडी घालतानाच फाटक ठरलं होतं?

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून सांगते. चूक मला चिठ्ठी दिली त्याच संध्याकाळी कळली होती, पाटीवर चौकोन काढून ठिपके दिले तेव्हा. तुम्ही अंगणातच चहा पीत होतात. मी पाटी पुसून टाकली, तुम्हाला सांगितलं नाही. खालांसाठी नव्हे, बाबा. तुमच्यासमोर मला चूक ठरायचं नव्हतं.