चक्रीभुंग्याचे रिकामे रकाने

बाबा,

कृषी खात्यात असताना तुम्ही भरलेले कीड पाहणीचे जुने तक्ते यंदा माझ्याच टेबलावर आले. माझं हे काम पाहायला तुम्ही राहिला नाहीत, म्हणून सांगते. कुठे किती पाऊस पडतो, ऊन किती तापतं, जमीन कशी आहे, कोणत्या शेतात कीड सापडली आणि कुठे नाही, हे सगळं कॉम्प्युटरला द्यायचं. मग ती कीड कुठे तग धरेल याचा नकाशा तो काढून देतो. वाशीमच्या ऑफिसात पंख्याखाली बसून मी सोयाबीनवरचा चक्रीभुंगा शोधते. हसा खुशाल. तुमचं अक्षर पाहून भरून येईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. चहा घेतला आणि कामाला लागले.

कितीतरी तारखांपुढचे रकाने रिकामे होते. ऑफिसातले म्हणाले, हा माणूस शेतात गेलाच नसेल, काढून टाका. मला राग आला. सातवीत असताना मालेगावकडच्या एका शेतात मी तुमच्यासोबत आले होते. तुम्ही दोन ओळींमधल्या तासात गुडघ्यावर बसता, एकेक झाड वाकवून पाहता. "पान सुकेल दिसलं का खाली देठावर कोरेल दोन कड्या पाह्य. कड्या म्हंजे भुंगा." सगळं शेत पालथं घातलं, एक कडी सापडली नाही. तुम्ही तारीख टाकली आणि रकाना तसाच सोडलात. शून्य लिहा ना, म्हटलं, तर माझ्यावरच डाफरलात, "जे सापडलंच नाही, ते कायले लिहू? चाल गुमान!"

म्हणून मी सगळ्या रिकाम्या रकान्यांत शून्य भरलं. शून्य म्हणजे माणूस गेला, त्यानं पाहिलं, कीड नव्हती. नकाशात आपल्या गावाकडचा भाग फिका आला, म्हणजे भुंग्याची भीती नाही. पुतणीचा नकाशा म्हणून काकानं तो गावभर दाखवला आणि वावरात फिरून झाडं पाहायचं सोडून दिलं. ऑगस्टात त्याचा फोन आला. "काहून वं पोरी, तुह्या नकाशात तं आमच्याकडं भुंगा नाही म्हने? माह्या वावरात कड्याच कड्या दिसून राह्यल्या." आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

मी तक्ते पुन्हा काढले. आपल्या भागातले बहुतेक रिकामे रकाने एकाच हंगामातले आहेत, आई गेली त्या हंगामातले. तुम्ही खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेले असता. मी शाळेतून येते तेव्हाही तसेच. महिना संपला की सगळ्या तारखा एका बैठकीत टाकता. पेन मीच आणून द्यायची. शून्य भरताना हे मला आठवत नव्हतं असं नाही. तुम्हाला कोणी कामचुकार म्हणू नये एवढंच डोक्यात होतं.

आज त्या प्रत्येक तारखेपुढचं शून्य पुसून 'पाहणी झाली नाही' असं लिहिलं. रडू आलं नाही. आई गेली तेव्हा तुम्हालाही असंच काही वाटेनासं झालं होतं का, हे विचारायचं राहून गेलं. नकाशा आता पुन्हा निघेल आणि आपला भाग फिका राहणार नाही.

काकाला मात्र मी कॉम्प्युटर चुकला असं सांगितलं.