खाटेचं माप

राजूर

बाबा, तुमच्या पायाले हात लावून नमस्कार.

मी बरी आहो. खदानीच्या हापिसातलं काम ठीक आहे, जेवण वेळेवर होते. फोनवर तुमाले आयकू येत नाही, म्हणून लिहून राह्यली.

आमच्या हापिसातले निजामुद्दीनचाचा घर विकून राह्यले. दोन खोल्या, दाराले पायरी नाही. ते अठरा लाख म्हणत होते. म्या चौदापासून सुरू करून सोळावर थांबाचं ठरवलं होतं.

पसंत पडलेल्या बैलाच्या पाठीवर भाव ठरेपर्यंत हात ठेवाचा नाही, हे तुमीच बाजारात शिकवलं. म्हणून घर पाहाले गेली तं भिंतीलेही हात लावला नाही. फक्त मागच्या खोलीत तुमच्या खाटेचं माप घेतलं, वितीनं. चाचा दारातून पाहून राह्यले होते.

"वडील येणार का राहाले?" त्यायनं इचारलं. त्यानंतर ते साडेसतराच्या खाली उतरलेच नाही.

आता तुमीच या. दुपट्टा आणा, बैलबाजारात करता तशी त्याच्याखाली बोटं दाबून तुमीच भाव करा. गुडघा कसा आहे? भागीरथाकाकू डबा देते ना?

खाट बसते, बाबा. पण तुमी येत नसान, तं हे घर मले चौदालेही नको.

तुमची,
वैष्णवी