पहिल्याच फेरीत घरी

प्रिय घुमे,

अकरा वर्षांनी तुझं पत्र आलं, तेही चार ओळींचं. नाव सार्थ केलंस! लेकीची बुद्धिबळाच्या त्या मोठ्या बाद फेरीच्या स्पर्धेसाठी निवड झालीय, पाठवू की नको, एवढंच विचारलंयस. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना खरडलं असणार. मी मात्र टकळी ती टकळीच, मला चार ओळींत आवरत नाही.

व्यवहार बघशील तर हा शुद्ध वेडेपणा आहे. साखळी स्पर्धेत एक डाव गेला तर पुढच्या आठ-दहांत भरून काढता येतो. इथे दोन डाव, बरोबरी झाली तर तिसऱ्या दिवशी झटपट डाव, आणि हरलं की बॅग भरायची. चार महिने घाम गाळायचा आणि तिसऱ्या दिवशी निम्म्या जणी घरी. माझा नवरा म्हणतो, "स्टेशनवर उतरायचं आणि त्याच गाडीनं परत यायचं, तसलं आहे हे तुझं."

गेल्या महिन्यात मी तशीच परत आले. पहिलीच फेरी. समोर एकोणीस वर्षांची पोरगी, नखं कुरतडून बोटं लाल झालेली. पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. झटपट डावांतही काही निकाल लागेना, तेव्हा शेवटी पाच-पाच मिनिटांच्या डावांवर आलो. पहिला बरोबरीत गेला. दुसऱ्यात माझं एक प्यादं जास्त होतं, पण तिचे दोन्ही हत्ती माझ्या राजाच्या दारात उभे. तिच्याकडे चाळीस सेकंद उरलेले. तिनं घोडा हलवला, दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. घड्याळाचं बटण दाबायचं राहून गेलं होतं. तिला वाटत होतं मी विचार करतेय, आणि वेळ तिचाच पळत होता.

मला काही म्हणजे काही करायचं नव्हतं गं, नुसतं गप्प बसायचं होतं. नियमात ते बसतं. पस्तीस, तीस, पंचवीस. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. तिनं दचकून बटण दाबलं आणि पुढच्या नऊ चालींत मला मात दिली.

निकालाच्या कागदावर सही करताना म्हणाली, "काकू, तुम्ही सांगितलं नसतं तर?" मी म्हटलं, "काकू तेवढं मागे घे, बाकी सगळं ठीक आहे." दोघी अशा हसत सुटलो की पंचांनी डोळे वटारले, शेजारी अजून डाव चालू होते. हरल्यावर माझ्या घशाखाली घास उतरत नाही हे तुला ठाऊकच आहे. त्या दिवशी मी दोन वाट्या सूप प्यायले, वर पाव खाल्ला, आणि येताना गाडीत चक्क शीळ घालत होते. दार उघडून नवरा म्हणाला, "जिंकलीस की काय?"

तेव्हा पाठव तिला. जिंकेल म्हणून नको पाठवू. लवकर परत आली तर काय चुकलं ते विचारू नकोस, आधी जेवायला वाढ. त्या तीन दिवसांत माणूस स्वतःला जेवढं दिसतं, तेवढं साखळीत वर्षभर खेळूनही दिसत नाही. दिसलेलं दरवेळी बघवतंच असं मात्र नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तूही खेळायचीस तेव्हा अशाच बाद फेरीत आपण दोघी समोरासमोर आलो होतो, त्या शेवटच्या डावात तू बटण दाबायला विसरलीस आणि वेळेवर हरलीस. बाहेरच्या बाकावर रडत म्हणालीस, "माझ्यासारख्या वेंधळीनं खेळूच नये." मी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "माझंही लक्ष नव्हतं गं." होतं. पहिल्या सेकंदापासून होतं. बावीस सेकंद मी पटात बुडाल्याचं सोंग केलं. मी पुढच्या फेरीत गेले आणि तू खेळच सोडलास. तो डाव तू जिंकत होतीस घुमे, हे मला तेव्हाही दिसत होतं. लेकीला हे तू स्वतः सांग. राग आला तर ये आणि कडाकडा भांड. नाही आला तरी ये, आणि तिलाही घेऊन ये.

तुझीच,
टकळी